हवा धरते आहे

१२ जानेवारी, रविवार

आठवण दिवसागणिक बदलते. म्हणून आजच लिहून ठेवते.

१. काल, शनिवारी, ग्रानलीच्या मोठ्या उतारावर स्की-उड्यांचा सराव होता. स्पर्धा नव्हती.
२. तापमान उणे सहा. उताराच्या पायथ्याचा वारामापक बर्फाने गोठून शून्य दाखवत होता. वरचे तीन चालू होते.
३. पहिल्या फेरीत मी १०५.५ मीटर गेले, सुन्निवा ११२ मीटर.
४. दुसऱ्या फेरीत माझी उडी तिच्या आधी होती. वेग ताशी ८८.४ किलोमीटर, लांबी ९७ मीटर. ऐंशी मीटरच्या पुढे हवेने मला सोडलं. तिथे वारा पाठीमागून होता; समोरचा उचलून धरतो, पाठीमागचा पाडतो.
५. मी खालच्या मैदानात थांबले, उजवी स्की काढली आणि डोक्यावर उभी धरली.
६. सुन्निवा वर, घसरण सुरू होते तिथल्या आडव्या दांड्यावर बसली होती. दिवा हिरवा झाला. आमचा प्रशिक्षक हाल्वार याने मचाणावरून झेंडा खाली केला. वेळ ११.४२.
७. तिचा वेग ८८.६. घसरणीच्या कड्यावरून सुटली ती वेळेवर आणि चांगली.
८. ती शेवटपर्यंत पुढे झुकून राहिली. पंच्याहत्तर मीटरच्या आसपास तिच्या डाव्या स्कीचं टोक खाली गेलं.
९. ती ८८ मीटरवर पडली. ही लांबी तिच्या आजोबांनी, ओस्मुन यांनी, हात वर करून दाखवली. पडलेली उडीही मोजतात.
१०. ती घसरत येऊन माझ्यापासून नऊ मीटरवर थांबली.
११. हेलिकॉप्टर १२.२० ला आलं. तोपर्यंत ती स्की माझ्या हातात उभीच होती. हे मला ओस्मुननी संध्याकाळी सांगितलं. "मला वाटलं, तू तिला वाऱ्याचा आडोसा करतेयस," ते म्हणाले.

स्की महासंघाच्या समितीने प्रत्येकाकडून निवेदन मागितलं आहे. मी पाचवा मुद्दा असा लिहून पाठवला: 'मी खालच्या मैदानात थांबले.' हे वाक्य खरं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

सुन्निवा शुद्धीवर आली. कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं आहे, एक मणका चेपला आहे, डोक्याला मार आहे. चालेल, असं म्हणतात. उडी मारेल असं कुणी म्हणत नाही.

स्कीची खूण काय आहे ते इथे नोंदवते, कारण ती कुठेही लिहिलेली नाही. चौदा वर्षांच्या असताना आम्ही दोघींनी ती ठरवली. आधी उडी मारणारी खाली पोचली की वरच्या दुसरीला सांगते. स्की उभी धरली तर हवा खालीही धरते आहे, झुकून राहा. काही केलं नाही तर हवा सोडते आहे, लवकर उतरायची तयारी ठेव. यंत्र काहीही दाखवो, आम्ही खुणेवर जात असू. हाल्वारला किंवा आणखी कुणाला हे सांगितल्याचं मला आठवत नाही.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला सुन्निवा घाबरू लागली. कारण तिलाही सांगता येत नव्हतं. हवेत असताना ती वेळेआधी सरळ व्हायची आणि दहा-दहा मीटर गमवायची. २८ नोव्हेंबरला हवा मेलेली होती, तरी मी स्की उचलली. ती नऊ मीटर पुढे गेली. खाली आल्यावर ओरडली, "बघितलंस का, मापपट्टी?" ती मला मापपट्टीच म्हणते. त्यानंतर मी दर वेळी स्की उचलत गेले. सहा आठवडे. एखादं यंत्र कमी दाखवत असेल तर आपण वाचनात ठरावीक आकडा मिळवतो, तसंच होतं ते.

मी मापनशास्त्र शिकले आहे. आठवड्याचे तीन दिवस वारामापक तपासते, जुळवते, प्रमाणपत्रावर सही करते. आयुष्यात मी एकच खोटं वाचन दिलं आहे, ते हे.

नोंद पूर्ण असावी म्हणून: फेब्रुवारीअखेरच्या विश्वचषक स्पर्धेसाठी देशाच्या संघात चार जागा आहेत. तीन ठरलेल्या होत्या. चौथी सुन्निवाची की माझी, हे हाल्वार अपघातानंतरच्या सोमवारी कळवणार होता. याचा वरच्या गोष्टीशी संबंध नाही.

१९ जानेवारी, रविवार

रुग्णालयात गेले. ती बहुतेक वेळ झोपून होती. एकदा डोळे उघडून म्हणाली, "किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"छी," म्हणाली आणि परत झोपली.

२३ जानेवारी, गुरुवार

समितीने हाल्वारला निलंबित केलं. पायथ्याचा मापक बंद असताना त्याने झेंडा खाली करायलाच नको होता, असं म्हणणं आहे. ११ मार्चला सुनावणी. दोष ठरला तर परवाना कायमचा जाईल. तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. नऊ वर्षांची असताना मला पहिल्यांदा दांड्यावर बसवलं ते त्याने.

दुपारी स्कींना मेण लावायच्या खोलीत तो आपलं सामान आवरत होता. मी दारात उभी राहिले.

"ये इंजिनियरबाई. हा थर्मास कुणाचा, सांग. दोन वर्षं इथे पडलाय, उघडायची हिंमत होत नाही."

"सुन्निवाचा."

"मग राहू दे." त्याने तो परत फळीवर ठेवला. "मला काय वाईट आहे? बायको सहा वर्षं स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी मागे लागलीय. आता दारं बसवीन. तीही एका दिवसात लटकायला लागतील."

मी विचारलं, समितीने त्याला काय विचारलं.

"झेंडा कुणाच्या हातात होता? माझ्या. झालं की."

"मापक बंद असताना तू झेंडा का खाली केलास?"

तो एका स्कीची टाच फडक्याने पुसत होता. मग म्हणाला, "एल्द्रिद, मचाणावरून खूप काही दिसतं. मला जे विचारलं त्याचं उत्तर मी दिलं. न विचारलेल्याची उत्तरं मी घरातसुद्धा देत नाही. तू उडी मार. या क्लबातून वर जाणारी आता तूच एक उरलीस."

यावरून असा निष्कर्ष निघतो की त्याने त्या वेळी खाली मैदानाकडे पाहिलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

अपघातानंतरचा माझा पहिला सराव. पाच उड्या.

तिसऱ्या उडीच्या आधी, दांड्यावर बसले असताना, खालच्या मैदानात कुणीतरी उभं होतं. अंतर सुमारे तीनशे मीटर. हवा स्वच्छ, वेळ १२.१०. त्या व्यक्तीने नारिंगी स्की डोक्यावर उभी धरली होती.

दिवा हिरवा झाला, झेंडा खाली गेला, मी निघाले. खाली खरोखरच हवा धरत होती. १०८ मीटर.

मैदानात कुणी नव्हतं. ओस्मुन उतारावर आपल्या जागी होते. नात रुग्णालयात आहे तरी ते येतात. चाळीस वर्षं ते याच कठड्याशी उभे राहून लांबी मोजतात. आता कॅमेरे मोजतात, पण सरावाला अजून तेच.

"खाली कोण होतं?" मी विचारलं.

"खाली? कुत्रंसुद्धा नव्हतं. चष्म्याची काच पूस."

"तुम्ही बघितलंत का खाली?"

"मी बघतो फक्त स्कीच्या टाचा. खाली बघायला लागलो तर अर्धा मीटर चुकेन, आणि तूच पहिली भांडायला येशील." मग जरा थांबून म्हणाले, "माणूस असतं तर पावलं उमटली असती, पोरी. जा, बघून ये."

गेले. ताज्या बर्फात माझ्या एकटीचीच पावलं होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डोळे तपासून घेतले. दोष नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सहा उड्या. दोनदा दिसली. मी 'ती' लिहिते आहे, कारण स्की धरायची तऱ्हा सुन्निवाचीच आहे. डावा हात वर, उजवा खाली, आणि डोकं थोडं बाजूला, जणू तिला कुणाचं तरी ऐकू येतंय.

भूत असतं ते मेलेल्याचं. सुन्निवा जिवंत आहे. तिने काल दोन वाट्या सूप प्यायलं आणि नर्सशी मिठावरून वाद घातला. त्यामुळे हा शब्द इथे लागू होत नाही.

संध्याकाळी नोंदपत्रकाशी पडताळून पाहिलं. पायथ्याचा मापक मी स्वतः दुरुस्त करून बसवला आहे. ती दिसली त्या दोन्ही वेळी खाली समोरचा वारा होता. सेकंदाला १.२ मीटर आणि ०.९ मीटर. न दिसलेल्या चारपैकी तीन वेळा पाठीमागचा.

तिचं वाचन बरोबर आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सुन्निवाला पुनर्वसन केंद्रात हलवलं आहे. तळ्याच्या बाजूची खोली मिळाली. केस एका बाजूने भादरलेले, पाय पट्ट्यांत अडकवलेला. मी खुर्ची ओढली.

"कोट काढ की. तू नेहमी असं बसतेस, जशी बस सुटणार आहे."

मी कोट काढला.

तिला शनिवारचा नाश्ता आठवतो. त्यानंतर एकदम मंगळवार. मधलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, ते परत येणार नाही.

"सांग ना मला. सगळे आजारी मांजराशी बोलतात तसे बोलतात माझ्याशी. तू तरी आकडे सांगशील."

मी आकडे सांगितले. वेग, तापमान, माझी लांबी, तिची लांबी. तिने डोळे मिटून ऐकलं.

"आणि हवा?"

"बदलती."

"खूण केलीस का?"

खिडकीबाहेर तळ्यावर कुणीतरी बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलं होतं. मी म्हटलं, "आठवत नाही."

ती हसली, मग हसताना कंबर दुखली म्हणून शिव्या घातल्या. "तुला? तुला तीन वर्षांपूर्वी कुठल्या दिवशी कुठलं मेण लावलं ते आठवतं!"

"त्या दिवसाचं नाही आठवत."

"बरं," ती म्हणाली. नंतर बराच वेळ तिने माझा हात धरून ठेवला. तिची बोटं गार होती. मला निघायचं होतं, पण हात सोडवून घेणं बरं दिसलं नसतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठ उड्या. पाचदा दिसली.

आता मी दांड्यावर बसले की आधी खालीच बघते. दिव्याकडे नंतर. ती असली की अंग हलकं होतं आणि मी झुकून राहते, अगदी शेवटपर्यंत. नसली की हात आखडून उतरते. सरासरी सहा मीटरने वाढली आहे. देशाच्या संघाच्या प्रशिक्षकांनी फोन करून विचारलं, तंत्रात काय बदललंस. मी म्हटलं, टाचेखालची पाचर दोन मिलिमीटरने बदलली. तीही बदलली आहेच.

उड्या संपल्यावर ओस्मुन कॉफी ओतत म्हणाले, "चांगली उडतेयस. सुन्निवासारखी."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे अशी, की बघताना मी कठडा घट्ट धरतो."

२२ फेब्रुवारी, शनिवार

चौथ्या जागेसाठी निवड चाचणी. पहिल्या उडीच्या आधी ती होती, दुसरीच्या आधीही होती. १११ आणि ११४.५. ग्रानलीवरची माझी सर्वांत लांब उडी.

चौथी जागा मला मिळाली. १ मार्चला विश्वचषकात उडी.

हाल्वार तिकीट काढून प्रेक्षकांत उभा होता, कारण कुंपणाच्या आत यायला त्याला बंदी आहे. लोकरीची टोपी नाकापर्यंत ओढली होती, तरी सगळ्यांनी ओळखलं. कुंपणावरून त्याने माझ्या शिरस्त्राणावर टिचकी मारली.

"कपाटं कशी आहेत?" मी विचारलं.

"लटकतायत."

त्याच्या शेजारचा माणूस, कुणी अनोळखी, त्याला म्हणाला, "तूच ना तो? पोरीला सोडणारा?" हाल्वार म्हणाला, "हो, तोच." वाफाळती सॉसेज घ्यायला म्हणून तो वळला आणि त्या दुकानाकडे न जाता सरळ गाड्यांकडे गेला.

जेवण गेलं नाही. चाचणीनंतर हे नेहमीचं आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुन्निवाला भेटले. वेलदोड्याचे पाव नेले होते. तिने स्वतःचा खाल्ला आणि माझाही अर्धा घेतला. कुबड्यांवर ती खिडकीपर्यंत सात पावलं जाते.

"चौथी जागा तुझी. अभिनंदन. मी रागावणार होते, पण या गोळ्यांनी राग येतच नाही, नुसती झोप येते."

मी म्हटलं, तू बरी असतीस तर जागा तुझीच होती.

"अर्थात." पावाचे कण गोळा करत ती म्हणाली, "बरं, एक सांग. ते डिसेंबरातलं. रोज स्की वर. रोज समोरचा वारा. ग्रानलीत! ओस्मुनआजोबा म्हणतात, ग्रानलीत सलग तीन दिवस एक वारा राहिला तर चर्चची घंटा वाजवावी. सहा आठवडे, एल्द्रिद?"

मी माझा उरलेला अर्धा पाव तिच्यापुढे सरकवला.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं गं. मी घाबरट असेन, मूर्ख नाही. तू उचलायचीस, मी वरून बघायचे आणि म्हणायचे, चला, मापपट्टी माझ्यासाठी खोटं बोलतेय. म्हणजे मी फारच महत्त्वाची असणार. त्या जोरावर उडी मारायचे. हवेच्या नाही."

"मग हवेचं तुला कसं कळायचं?"

"त्यात काय? खरंच धोका असता तर तू उचललीच नसतीस." हे ती अगदी सहज म्हणाली, जसं कुणी म्हणतं की पाणी शून्याला गोठतं. मग विचारलं, "आज तळ्यावर किती माणसं आहेत? मला मान वळवता येत नाही."

मी मोजली. अकरा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सुन्निवाच्या बोलण्यावरून काय सिद्ध होतं, याचा दोन दिवस विचार केला.

ती खुणेला हवेचं वाचन मानत नव्हती. म्हणजे माझ्या खोट्या वाचनामुळे ती झुकून राहिली, हे म्हणता येत नाही. हा निष्कर्ष माझ्या बाजूने जातो.

पण ती खूण न होण्याला वाचन मानत होती. मी स्की उचलली नसती, तर सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिला खाली स्की दिसली नसती. मग तिने काय केलं असतं?

कदाचित दिसलंच नसतं. कदाचित वेळ मिळाला नसता. हिरवा दिवा लागल्यावर दहा सेकंद असतात. दांड्यावरून बाजूला सरकून उतरायला किती लागतात ते मला माहीत नाही. कुणी मोजत नाही. हिरवा लागल्यावर उतरतं कोण?

१ मार्च, शनिवार

विश्वचषक. घरून दोन तासांवरची मोठी टेकडी, चौदा हजार माणसं, उणे तीन, वारा सौम्य. सगळे मापक चालू. मी चढतानाच प्रत्येकाकडे पाहून घेतलं होतं.

माझा क्रमांक एकोणतीस. वर रांगेत पुढची फिन मुलगी होती, ती नेहमीप्रमाणे आपल्या स्कींशी बोलत होती. मागची जर्मन म्हणाली, "तुमची मैत्रीण कशी आहे?" मी म्हटलं, सात पावलं चालते. तिने मान हलवली. आम्हा सगळ्यांना सात पावलं म्हणजे किती ते कळतं.

फिन मुलगी गेली. मी दांड्यावर सरकले, बुटांची स्कीशी बांधणी तपासली, खाली पाहिलं.

मैदानात कुणी नव्हतं.

म्हणजे कॅमेरावाले होते, स्वयंसेवक होते, फिन मुलगी स्की काढत होती. ती नव्हती. स्की उचललेली कुठेच नव्हती.

दिवा हिरवा झाला. मचाणावर संघाच्या प्रशिक्षकांनी झेंडा खाली केला. खालून तो आवाज आला, चौदा हजार गळ्यांचा, जो कड्यावरून सुटेपर्यंत वाढतच जातो. फलकावर आकडा होता, समोरून ०.४. उत्तम हवा. मी मनात मोजू लागले. हे ठरवलेलं नव्हतं.

एक. दोन्ही हात दांड्यावर ठेवले.
दोन. डावीकडे सरकले.
तीन. डावी स्की पायरीच्या बाजूला आली.
चार. मी दांड्यावरून उतरले होते.

चार सेकंद. सहा उरले होते.

आवाज अर्ध्यावर तुटला. कानाला लावलेल्या यंत्रात प्रशिक्षक विचारत होते, "काय झालं? बांधणी? एल्द्रिद, बांधणी का?" दिवा लाल झाला. जर्मन मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "हवा चांगली आहे. जा." ती १२७ मीटर गेली.

मी जिन्याने उतरले. तीनशे बारा पायऱ्या. प्रत्येक वळणावर कुणीतरी विचारत होतं आणि मी म्हणत होते, बांधणी नाही.

२ मार्च, रविवार

वर्तमानपत्रांत लिहिलं आहे की मैत्रिणीच्या अपघाताचा धक्का मला अजून आहे. संघाच्या डॉक्टरांनी उद्याची वेळ दिली आहे. आईने लापस्काउसचं, म्हणजे मांस-बटाट्याच्या रश्शाचं, पातेलं भरून पाठवलं, बरोबर चिठ्ठी: 'खा. मग बोल.' मी थोडं खाल्लं.

हाल्वारने फोन केला.

"उतरलीस तू."

"चार सेकंद लागले."

"मी पाहिलं." मग म्हणाला, "काल, घरातल्या टीव्हीवर. ग्रानलीवरही पाहिलं होतं, जानेवारीत. तू स्की उचललीस म्हणून मी झेंडा खाली केला. मापक बंद होता, पण मला तुम्हा दोघींची खूण ठाऊक होती. तुम्ही चौदा वर्षांच्या होता तेव्हापासून. म्हटलं, एल्द्रिद कधी चुकत नाही."

मी विचारलं, हे समितीला का सांगितलं नाहीस.

"मी अठ्ठावन्नाचा, तू सव्वीसची," तो म्हणाला. "हिशेब तुला चांगला येतो. अगं, मी तुला सांगायला नाही फोन केला. जेवलीस का, हे विचारायला केला."

म्हणजे २३ जानेवारीचा माझा निष्कर्ष चुकीचा होता. तिथे तशी दुरुस्ती करत नाही. नोंद आहे तशी राहू दे.

ग्रानलीवर जाऊन आले. उतार बंद होता. मैदानात तासभर उभी राहिले. वर, दांड्यावर, कुणी बसलेलं नव्हतं.

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांची वेळ पुढे ढकलली. सुन्निवाला पत्र लिहिलं. समोर बसून मी पुन्हा 'आठवत नाही' म्हणेन, म्हणून पत्र. पोचतं करायला ओस्मुनना दिलं. त्यांनी ते न वाचता कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि विचारलं, "वजन आहे का याला?" मी म्हटलं, हो. प्रत इथे ठेवते.

'सुन्निवा,

९ फेब्रुवारीला तू विचारलंस, खूण केली का. मला आठवतं. केली होती. ११ जानेवारीला दुसऱ्या फेरीत ऐंशी मीटरच्या पुढे हवेने मला सोडलं होतं. पाठीमागचा वारा होता, हे मला खाली उभी राहताना माहीत होतं. तरी मी स्की उचलली.

तू म्हणालीस, खरा धोका असता तर मी उचलली नसती. हे खरं नाही. तुझ्याकडे दांड्यावरून उतरायला वेळ होता. चार सेकंद लागतात, दहा मिळतात. मी मोजलं.

हाल्वारने माझ्या खुणेवर झेंडा खाली केला. समितीला त्याने हे सांगितलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही.

का उचलली, ते मला सांगता येत नाही. सवय होती, असं मी सात आठवडे लिहीत आले. ते पुरेसं आहे की नाही, हे मी ठरवू शकत नाही, कारण मापणारी मीच आणि मापलं जाणारंही मीच. दोन आकडे तुला माहीत असावेत. त्या दिवशी पहिल्या फेरीत तू माझ्यापुढे साडेसहा मीटर होतीस. जागा एक होती. मी हे दोन आकडे आजवर एका ओळीत लिहिले नव्हते.

समितीसाठी नवं निवेदन तयार आहे. त्यात खूण, वारा आणि वरचे दोन्ही आकडे आहेत. सुनावणी ११ मार्चला आहे, त्यामुळे ते मी शनिवारी ८ मार्चला सकाळी पाठवणार. तू काहीही म्हणालीस तरी पाठवणार. त्याची परवानगी मी मागत नाही. पण समितीच्या आधी ते तू वाचावंस, असं मला वाटतं. हवं असेल तर कळव, ओस्मुनांबरोबर पाठवते. तुझ्याकडून त्यात काही घालायचं असेल, माझ्याविरुद्धही, तर त्याला जागा ठेवली आहे.

दुसरं, रविवारी मी नेहमीप्रमाणे तीन वाजता येऊ की येऊ नको, हेही कळव. नको म्हणालीस तर मी कारण विचारणार नाही.

दोन्हींचं उत्तर शुक्रवार, ७ मार्च, संध्याकाळी सहापर्यंत मला मिळावं.

एल्द्रिद'